पाच किलोला सव्वा लिटर

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. इकडच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढची निम्मी गोष्ट त्याला आपोआप समजते. बोअर लागतो, पाणीही येतं, पण तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, अन् भरलेली बादली चार दिवस उन्हात राहिली तर आतून कडेला पांढरी रेघ उमटते. त्या पांढऱ्या रेघेनं मला अंगणातल्या फरशीच्या दरजांत, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटींत, मे ते डिसेंबर छळलं, ते असं.

मागच्या वर्षी घरापुढचं अंगण पक्कं करायचं ठरलं. मायचं म्हणणं शेणामातीचं बरं आहे, पण तिचे गुडघे गेले, सारवणार कोण, बायकोची सकाळची नोकरी, मी दिवसभर कृषी केंद्राच्या काउंटरवर. पेव्हर ब्लॉक टाकले असते तर स्वस्तात झालं असतं, पण शेजारच्या पेव्हरमधून वर आलेली हरळी रोज डोळ्यासमोर दिसते आणि आम्हाला त्याच अंगणात तूर, सोयाबीन, मिरच्या, कुरड्या सगळंच वाळवायचं असतं. म्हणून गुजरातच्या मोरबीची बाहेर टाकायची पोर्सेलीन फरशी घेतली, २० एमएम जाड, २ फूट बाय २ फूट, वरून खरखरीत, राखाडी. एक फरशी १६-१७ किलोची. २२ बाय १६ चं अंगण, ८८ फरश्या बरोबर बसल्या, मध्ये ५ एमएमची दरज. ढाळ दहा फुटाला दीड इंच, नालीकडे.

खालचं काम मात्र मी स्वतः उभं राहून करून घेतलं. आमची काळी माती म्हणजे उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेगाळते अन् पावसात फुगून वर येते, तिच्यावर थेट काही टाकलं की दोन वर्षांत हललंच समजा. दीड फूट माती काढली, मुरूम भरून पाणी मारून दाबला, वर चार इंच काँक्रीट, दोन दिवसांत दोन भागांत ओतलं. त्या दोन भागांच्या मधल्या जोडाची गोष्ट पुढं येते.

आता दरजा. मिस्त्री चांगला माणूस, आमच्या घराचं जोतं त्याच्याच हातचं, पण त्याचा हात शहाबादी अन् कोटा फरशीवर बसलेला. मी विचारलं दरजा भरायला काय आणू, तर म्हणे, "दरजीत का सोनं भरता काय भाऊ? पांढरं सिमेंट अन् काळा ऑक्साईड, झालं तुमचं काम." मी पण हो म्हटलं, कारण फरशीवरच एवढा पैसा गेला होता की दरजेसाठी वेगळा खर्च मनातही आला नव्हता. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर ४३-४४, फरशीवर चप्पल काढून पाय ठेववत नव्हता, आणि ह्यानं घमेल्यात बोअरचं पाणी ओतून सिमेंट कढीसारखं पातळ केलं, मगानं ओतलं अन् खराट्यानं दरजांत ढकललं. पाणी किती टाकलं विचारलं तर हातानं दाखवलं, "एवढं". मी शेतकऱ्याला रोज सांगतो की औषध झाकणानं मोजून टाका, अंदाजानं ओतू नका, १५ लिटरच्या पंपाला जेवढं लिहिलं तेवढंच. अन् माझ्याच अंगणात माझ्यासमोर "एवढं" चालू होतं अन् मी चहा पाजत होतो.

संध्याकाळपर्यंत दरजांत केसासारख्या रेघा. मिस्त्री म्हणे वाळताना होतेच. पहिला पाऊस झाला, ऊन पडलं, आणि काळ्या दरजा पांढऱ्या झाल्या, पीठ सांडल्यासारख्या. पुसलं की जाई, दोन दिवसांनी परत. मग मी तो शहाणपणा केला जो करू नये, संडास धुवायचं ॲसिड आणून ब्रशनं घासलं. फसफस झालं, पांढरं गेलं, काळा रंग वर आला, मी खूश. ॲसिडनं क्षाराबरोबर सिमेंटही खाल्लं होतं हे जुलैत कळलं, दरजेत नख घातलं तर खडूसारखी भुकटी निघे.

जूनमध्ये पेरणीआधी अंगणात सोयाबीनचं बियाणं पसरलं होतं, चाळून-निवडून पोत्यात भरलं, काही दाणे फटीत गेले असतील. पंधरा-वीस दिवसांनी सकाळी बंगईवर चहा घेत होतो तर चौथ्या अन् पाचव्या फरशीच्या मधून दोन जाड हिरव्या पाकळ्या वर आलेल्या, वाकलेली मान सरळ करत असलेलं सोयाबीन. पुढं पाहिलं तर ओळच. मी लोकांना ओल्या पोत्यावर शंभर दाणे लावून उगवण पाहायला शिकवतो, माझ्या अंगणात ती फुकटात झाली. माय म्हणे, "शेनाचं अंगन आठ दिवसांनी पुन्हा सारवता येते बाप्पा, ह्याले कसं सारवशीन?"

तेव्हा मी नीट बसून वाचायला लागलो, दुकानातल्या रिकाम्या वेळात, अन् एकेक गोष्ट उलगडत गेली. पोर्सेलीन फरशी पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल, वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. शहाबादी फरशी कडेनं थोडं पाणी ओढते म्हणून सिमेंट तिला धरतं, पोर्सेलीन काही ओढत नाही. मग दरजेतलं जास्तीचं पाणी जाणार कुठं, उन्हात वरूनच उडतं, उडताना मिठाला वर आणून ठेवतं अन् मागं पोकळ, आकसलेलं सिमेंट राहतं. थोडं पांढरं तर सिमेंटचा स्वतःचा चुनाही वर येऊन हवेत धरतो म्हणून होतं, गोड्या पाण्यातही होऊ शकतं, पण आमच्या बोअरचं मीठ त्यात वरून. म्हणजे पाणी चुकीचं, पाणी जास्त, अन् भरून झाल्यावर जेव्हा पाणी पाहिजे होतं, क्युरिंगला, म्हणजे सिमेंट ओलं ठेवायला, तेव्हा एक थेंब नाही. तिन्ही वेळेला पाणीच, आणि मी दोष देत होतो पांढऱ्या सिमेंटच्या कंपनीला.

मग नवीन काय भरायचं. तालुक्याच्या दुकानात तीन पर्याय समोर आले. एक, तेच पांढरं सिमेंट, ते कटाप. दोन, एपॉक्सी ग्राउट (ग्राउट म्हणजे दरजेत भरायचा मसाला), तीन भागांचं, रेझिन, हार्डनर अन् बारीक भुकटी, ना पाणी पितं ना सहसा डाग धरतं, दुकानदार त्यावर फिदा, पण पाच-सहा पट महाग, उन्हात भांड्यातच दगड होतं, वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की पिवळट पडतं, आणि आमच्या खरखरीत फरशीवर त्याचा चिकटा राहिला तर निघणं मुश्कील. तीन, पॉलिमर घातलेलं सिमेंटचंच ग्राउट, रुंद दरजेचं, वाळू असलेलं. त्याच्या पाकिटावर बारीक अक्षरात सीजी २ डब्ल्यूए छापलं होतं. सीजी म्हणजे सिमेंटचं ग्राउट, २ म्हणजे सुधारलेलं, डब्ल्यू म्हणजे पाणी कमी पितं, ए म्हणजे घासून लवकर झिजत नाही. एपॉक्सीच्या डब्यावर आरजी असतं. हे कळल्यावर दुकानदाराच्या शब्दापेक्षा पाकीट वाचणं सोपं झालं, औषधाच्या बाटलीवरचा विषाचा रंगीत त्रिकोण वाचावा तसं. मी तिसरं घेतलं, फक्त नळाच्या कोपऱ्यात, जिथं भांडी-धुणं होतं, तिथं चार फरश्यांना एपॉक्सी.

वाळू भरून टाका असंही एकजण म्हणाला. पेव्हरला ते ठीक आहे, खालून पाणी झिरपायला जागा असते. आमच्या फरशीखाली काँक्रीट, काँक्रीटखाली मुरूम अन् काळी माती, तिथं दरजेतून पाणी जाऊ देणं म्हणजे फुगायला आमंत्रण.

किती घ्यायचं, इथं गंमत झाली. दुकानदार म्हणे साडेतीनशे स्क्वेअर फुटाला पाच किलो बास. त्याचा हिशोब घरातल्या ८ एमएमच्या फरशीचा अन् ३ एमएमच्या दरजेचा. मी बिलाच्या पाठीमागं मांडलं. आतल्या आडव्या दरजा ७, प्रत्येकी २२ फूट, उभ्या १०, प्रत्येकी १६ फूट, म्हणजे १५४ अधिक १६०, ३१४ फूट, जवळपास ९६ मीटर. दरज २० एमएम खोल अन् ५ एमएम रुंद, म्हणजे साडेनऊ लिटरच्या वर पोकळी. एका लिटरला साधारण पावणेदोन किलो भुकटी धरली तर १६-१७ किलो. पाच किलोत तिसरा हिस्सा पण झाला नसता, अन् राहिलेलं नंतर आणलं असतं तर दुसऱ्या बॅचचा रंग थोडा वेगळा निघतो, अंगणात पट्टा दिसला असता. पाच किलोची चार पाकिटं घेतली, चारही एकाच बॅच नंबरची, तो नंबर मी वहीत लिहून ठेवला.

दिवाळीनंतर काम काढलं. जुना मिस्त्री कापूस वेचणीच्या गडबडीत, खरं सांगायचं तर मीच त्याला विचारलं नाही. गावातलाच एक पोरगा पुण्यात बिल्डिंगच्या साईटवर फरशीचं काम करून परत आला होता, त्याला बोलावलं. आल्या आल्या त्यानं खिशातून रुपयाचं नाणं काढलं अन् एकेक फरशी ठोकत फिरला. टणटण, टणटण, मधेच ढब. "दादा, हे सहा पोकय आहेत. ह्यायले काढल्याशिवाय दरजा भरून फायदा नाही, फरशी हलली का दरज तुटन." सहा फरश्या उचलल्या. पहिली उलटी केली अन् मी पाहतच राहिलो, पाठ एकदम स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखी, सिमेंटचा कणही नाही, सगळा मसाला खाली जमिनीला चिकटलेला अन् फरशी नुसती त्याच्यावर ठेवलेली. साधं सिमेंट पोर्सेलीनच्या पाठीला असंच सोडतं. त्या सहा पॉलिमरवाल्या टाईल ॲडहेसिव्हवर परत बसवल्या, जमिनीवर दात्यांची पट्टी ओढून अन् फरशीच्या पाठीलाही पातळ थर चोपडून, मधे हवा राहू नये म्हणून.

जुन्या दरजा उकरणं हे सगळ्यात कंटाळवाणं. ग्राइंडर लावू म्हटलं तर पोरानं नको म्हटलं, कड उडाली तर फरशी गेली. जिथं ॲसिड पोचलं होतं तिथं खिळ्यानंच भुकटी निघाली, बाकी ठिकाणी हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, एका टोकाला कापड गुंडाळून. मी, तो अन् माझा भाचा, तिघांना अडीच दिवस लागले. खालपर्यंत काढायचं, वरवर पाच एमएम खरवडून त्यावर नवीन लिंपलं तर पापुद्रा निघतो. मग शेतातला बॅटरीचा ब्लोअर आणून धूळ उडवली, त्यात सोयाबीनच्या वाळक्या मुळ्या अन् मुंग्यांचं अख्खं गाव निघालं.

उकरताना एक गोष्ट दिसली. पाचव्या अन् सहाव्या रांगेच्या मधली दरज सरळ १६ फूट फाटलेली, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त. वाकून पाहिलं तर खाली काँक्रीटच्या दोन भागांचा जोड बरोबर त्याच रेघेत. ते दोन भाग उन्हा-पावसात वेगवेगळे हलतात, वरची कडक दरज तुटणारच, कोणतंही ग्राउट घाला. अशा जागी मऊ दरज लागते. उघड्यावर दर ८ ते १२ फुटांवर एक अन् भिंतीला, जोत्याला, तुळशी वृंदावनाला जिथं फरशी टेकते तिथं पण. ती १६ फुटाची एक अन् मधून आडवी २२ फुटाची एक अशा दोन मऊ ठेवायच्या ठरल्या, खाली फोमची दोरी दाबायची अन् वर रबरासारखं मऊ राहणारं राखाडी सीलंट, ग्राउट नाही.

भरायच्या आधी उरलेल्या दोन फरश्या अंगणात बाजूला मांडून नमुना केला, ह्यासाठी मी पोराला धन्यवाद देईन. खरखरीत पृष्ठभागाच्या बारीक खड्ड्यांत ग्राउट बसतं, मी आणलेला रंग फरशीपेक्षा एक छटा गडद होता, अन् पहिल्यांदा पुसायला अर्धा तास लावला तर धुकट डाग राहिलाच. दुसऱ्यांदा फरशी आधी ओल्या स्पंजनं ओलसर केली, दरजेत पाणी साचू न देता, अन् पंधरा मिनिटांत पुसली तर निघालं. सगळ्या ८८ वर हे कळलं असतं तर रडलोच असतो.

डिसेंबरची सकाळ, आठ वाजता, हात गारठलेले. पाकिटावर लिहिलं होतं ५ ते ३५ अंशांत वापरा, आमच्याकडं ते ह्या दिवसांत जमतं. अंगणावर दुकानातली हिरवी शेडनेट चार बांबूंना बांधली. पाणी शहानूर धरणाच्या नळाचं, बोअरला हात लावायचा नाही असं मी घरात सगळ्यांना बजावलं होतं तरी भाच्यानं सवयीनं बोअरची बादली आणलीच, ती तुळशीला पण नाही टाकली, नालीत गेली. एका किलोला २५० मिली, पाच किलोला सव्वा लिटर. मोजायला दुकानातलं औषधाचं कोरं मोजपात्र. आधी पाणी, मग भुकटी, फिरवलं, अन् पाच मिनिटं हात न लावता ठेवलं, मग परत फिरवलं. पहिल्या फिरवण्यात ते इतकं घट्ट वाटतं की वाटतं अजून कपभर टाकावं, तोच मोह. पाच मिनिटांनी परत फिरवलं तर आपोआप सैल झालं, श्रीखंडासारखं, चमच्यावर उभं राहील असं. पोरगा हसला, "सबूर नसली का लोक पानी ढोसतात त्यात."

रबरी फ्लोट, म्हणजे मुठीची सपाट रबरी पाटी, दरजेला तिरपा धरून दाबायचं, सरळ दरजेच्या रेघेत ओढला तर भरलेलं परत बाहेर काढतो. २० एमएमची खोली एका हातात भरत नाही, दोनदा दाबावं लागतं, पोरगा मधेच लाकडी पट्टीची कड घालून खाली बसलं का पाहत होता, अन् दोन-तीन जागी खाली पोकळ निघालंच. एका वेळी आठ-दहा फरश्या, मग पुसायचं. पुसायचा स्पंज घट्ट पिळलेला, पाणी सारखं बदललेलं. हे पुसणं माझ्याकडं होतं अन् मी पहिल्या रांगेत पाणी जास्त ठेवलं, त्या रांगेच्या दरजा आजही बाकीच्यांपेक्षा फिकट आहेत, जोत्यावरून पाहिलं की लगेच दिसतात.

घमेल्यातलं घट्ट व्हायला लागलं की वरून पाणी टाकून सैल करायचं नाही, फेकायचं. मायला हे फेकणं सहन होईना, "एवढ्यात कुंडी लिपली असती." लिपली पण, चुलीच्या मागची फुटकी कुंडी.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ नळाच्या पाण्याचा बारीक फवारा, बॅटरी पंपानं. पंप दुकानातला नवीन, खोक्यातून काढलेला, तणनाशकाचा नाही बरं का, त्यात उरलेलं औषध अंगणात मारायची इच्छा नव्हती. गावातले लोक जाता-जाता थांबून विचारत, "काहून भाऊ, फरशीवर कोणती अळी पडली?" शेडनेट आठवडाभर तशीच ठेवली, गाडी आठवडाभर आत नाही.

एपॉक्सीचा कोपरा वेगळ्या दिवशी केला अन् तिथं आम्ही दोघं फसलो. दुपारी बारा वाजता, थंडीच आहे म्हणून, अख्खं पाकीट डब्यात कालवलं. चौथ्या दरजेला पोचेपर्यंत डबा हाताला गरम लागायला लागला अन् पाच मिनिटांत काठी आत अडकली, ती काठी अजून त्या डब्यात उभी आहे, भाच्यानं तिचा ध्वज केला. एपॉक्सी ढिगात असलं की स्वतःच्या गरमीनं अजून लवकर धरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, तिन्ही भाग अर्धे-अर्धे वजन काट्यावर मोजून, कालवल्याबरोबर पसरट थाळीत पसरलं, तर निवांत भरून झालं. पुसताना साबणाचं थोडं पाणी अन् पांढरा घासणीचा पॅड, लगेच, नंतर पाहू म्हटलं की कायमचं.

चार पाकिटांपैकी तीनच लागली, कारण मऊ दरजांचे ३८ फूट मी हिशोबातून वजा करायला विसरलो होतो. चौथं दुकानदारानं परत घेतलं, थोडं तोंड वाकडं करून.

ह्या वर्षीचा पावसाळा गेला. पांढरं एकदा दिसलं, जूनच्या पहिल्या पावसानंतर, पायरीजवळ हलकंसं, कोरड्या ब्रशनं गेलं अन् परत आलं नाही. नळाच्या कोपऱ्यातलं एपॉक्सी जिथं दुपारचं ऊन येतं तिथं थोडं पिवळट झालंय, सावलीतलं जसंच्या तसं. पोळ्याला जोडी अंगणात आणली, खरखरीत फरशीवरही बैल बिचकले, मग दोन पोती अंथरली, पूजा झाली, खुरांखाली काही तुटलं नाही. सोयाबीन उगवलं नाही.

एक भेग मात्र आहे. फाटकाच्या डाव्या खांबाला फरशी टेकते तिथं वीतभर, केसासारखी. तिथं पण सीलंटच पाहिजे होतं, पण तोपर्यंत ट्यूब संपली होती, संध्याकाळ झाली होती, अन् मीच म्हटलं एवढ्याशा जागेसाठी कुठं दर्यापूरला जाता, राहिलेलं ग्राउट भरून टाक. आता दिवाळीत तेवढी दरज उकरून ट्यूब आणतो, हॅक्सॉचा तो तुकडा अजून खिडकीत आहे.